मकुंगुनीला जाणारं इंजिन

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ओमानमधल्या खाबुऱ्याच्या त्या मळ्यातली विहीर खारी झाली. एकदम नाही झाली. आधी चहातलं दूध फाटायला लागलं. मग मॅग्डलिनच्या केसांना साबण लागेना. मग लिंबांच्या पानांच्या कडा विस्तवाशी धरल्यासारख्या करपल्या. जूनमध्ये एका सकाळी पीटरने पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकला.

"काय?" पाटावर फावडं घेऊन उभ्या असलेल्या गड्याने विचारलं.

"समुद्र," पीटर म्हणाला.

समुद्र तिथून दिसत नव्हता. मधे रस्ता होता, खजुरांच्या रांगा होत्या, इतरांचे मळे होते, आणि प्रत्येक मळ्यात पंपाचं इंजिन होतं. सगळ्यांनी मिळून जमिनीतलं गोडं पाणी इतकं ओढलं, की खालून समुद्र आत सरकला. पीटर तुस्कानो वसईच्या नंदाखालचा. केळीच्या वाडीत, गोड्या पाण्याच्या बावखलाच्या, त्या तळ्याच्या, काठावर वाढलेला. पाण्याची चव त्याला कोणी शिकवावी लागत नव्हती. पण त्याचं काम पाण्याचं नव्हतं, इंजिनचं होतं. इंजिन भल्या पहाटे चालू करायचं, ऊन चढल्यावर बंद करायचं, संध्याकाळी पुन्हा चालू करायचं. ऑईल, फिल्टर, पट्टा, पाइप. त्यासाठी मळ्याचा मालक, अर्बाब मजीद, याने त्याला बायको-मुलीचा, मॅग्डलिन आणि ॲनेटचा, व्हिसा दिला होता आणि इंजिनच्या शेडला लागून दोन खोल्या दिल्या होत्या.

त्या दोन खोल्यांत इंजिनचा आवाज भिंतींतून येई. ॲनेट लहान असताना आवाज थांबला की रडत उठायची. आता ती सातवीत होती. सोहारच्या इंडियन स्कूलला जायची. पहाटे, अजून तांबडं फुटायचं असताना, एकनाथची व्हॅन मळ्याच्या फाटकाशी हॉर्न द्यायची. एकनाथ रत्नागिरीकडचा, खाबुऱ्यातली चार भारतीय पोरं गोळा करून सोहारला न्यायचा आणि दुपारी आणायचा. ॲनेट व्हॅनमध्ये इंग्रजी बोलायची, घरी इंग्रजी बोलायची, आणि आईने मराठीत विचारलं की शब्द शोधत, अडखळत उत्तर द्यायची.

मॅग्डलिन डी.एड. झालेली होती. लग्नाआधी ती वसईच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. इथे तिच्या व्हिसावर काम करता येत नव्हतं. ती घर बघायची, लिंबं वाळवायला मदत करायची आणि ॲनेटचा अभ्यास घ्यायची. अभ्यास घेताना तिचा आवाज बदलायचा. शेडमध्ये काम करणाऱ्या पीटरला तो ऐकू यायचा आणि तोही नकळत ताठ व्हायचा.

*

अर्बाब मजीद दर वर्षी आफ्रिकेत जायचा. जन्म त्याचा तिकडचा, झांझिबारच्या शेजारच्या पेंबा बेटावरचा. तो तरुण असताना तिकडे मोठी गडबड झाली, अरबांची घरं लुटली गेली. त्या दिवसांत मकुंगुनी नावाच्या खेड्यातल्या एका बाईने त्याला आपल्या घरात लवंगांच्या पोत्यांमागे लपवून ठेवलं होतं. पुढे तो ओमानला आला, मळा घेतला, लग्न केलं. बायको खैरुन्निसाही झांझिबारचीच, पण तिची आई कच्छी होती, त्यामुळे तिला चांगलं हिंदी यायचं. मजीदही मोडकंतोडकं बोलायचा. मळ्यावरचा सगळा व्यवहार त्याच हिंदीत चाले.

त्या वर्षी तो परत आला तो ऑगस्टमध्ये. शुक्रवारी दुपारी त्याने पीटरला बोलावलं. आंब्याखाली चटई घातली होती. मजीद बसला होता, आणि मस्कतहून सुट्टीवर आलेला त्याचा मुलगा तय्यब तक्क्याला टेकून लवंडला होता. तय्यब तिथे कुरुममध्ये एका ऑफिसात नोकरीला होता. पीटर चपला काढून चटईच्या कडेला बसला. त्याच्या पँटला ग्रीस होतं म्हणून त्याने पाय बाहेर मातीत ठेवले.

मजीदने सरळ सुरुवात केली. मकुंगुनीत शाळा आहे. भिंती त्याने आणि इतर काही जणांनी पैसे देऊन बांधून दिल्या, पत्रे घातले, बाकंही दिली. मास्तर आहे. मुलगे येतात. मुली येत नाहीत. मुली पाण्याला जातात. टेकडीपलीकडे झरा आहे, तिथे रांग असते, परत येईपर्यंत शाळा सुटते.

"शाळेच्या बाजूला विहीर खणली आहे," मजीद म्हणाला. "खोल आहे. पाणी गोड. पण हाताने किती ओढणार? तिथे पाणी आहे, मशीन नाही. इथे मशीन आहे, पाणी नाही."

पीटरने मान डोलावली.

"हे मशीन तिकडे पाठवायचं. चालेल का?"

"उघडून बघावं लागेल, अर्बाब. जुनं आहे. आतून खारं पाणी कुठवर गेलंय ते उघडल्याशिवाय नाही सांगता येणार."

"मग उघड."

तय्यब बापाला अरबीत काहीतरी म्हणाला. मग तय्यब पीटरकडे न बघता इंग्रजीत म्हणाला, "मळा तर संपलाच आहे. मशीन गेलं की पंपवाल्याचंही काम संपलं. ते तरी त्याला सांगा."

पीटरला इंग्रजी कळत होतं. तय्यबला ते माहीत होतं. पीटर उठला, चपला हातात घेतल्या, चार पावलं गेल्यावर पायात घातल्या.

*

"आणि आपलं काय, हे तू विचारलंच नाहीस?" मॅग्डलिन म्हणाली. ती मासळी साफ करत होती. विळीवर तिचा हात थांबला.

"विचारायचं काय त्यात? मशीन नाही तर मी नाही."

"आणि ॲनेट?"

पीटरने मासळीचं पातेलं तिच्याजवळ सरकवलं.

"सातवी अर्धी झाली आहे. मधेच उचलून वसईला नेऊन टाकायची? मराठीचं एक अक्षर येत नाही तिला. तिकडच्या मुलींची शाळा भरावी म्हणून माझ्या मुलीची सुटायची, असं आहे का हे?"

"मी नाही ठरवलं, मॅगी."

"तू उघडणार आहेस ना ते? पाने-पक्कड तुझ्याच हातात आहेत."

आतल्या खोलीत ॲनेट पुस्तक उघडून बसली होती. तिने पान उलटलं नाही.

*

चार दिवसांनी मॅग्डलिन मोठ्या घरी गेली. नवऱ्याला सांगून नाही गेली. पुढच्या दिवाणखान्यात शेजारच्या बायका आलेल्या होत्या, त्यामुळे तिला मागच्या दाराने स्वयंपाकघरात बसवलं. तिथे मोलकरणीने तिला खजूर आणि छोट्या कपात कॉफी दिली. बराच वेळ कोणी आलं नाही. ओट्यावर भाताचं मोठं पातेलं वाफाळत होतं आणि तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

शेवटी खैरुन्निसा आली. जाड, बुटकी बाई, बोलण्यात घाई. "अरे मॅग्डलिन, बरं झालं आलीस," म्हणत तिने तिला एका खोलीत नेलं. खोलीत जमिनीवर कपड्यांचा ढीग होता. सगळे लहान मुलींचे. नातलगांकडून जमवलेले. "मकुंगुनीला पाठवायचे आहेत. फाटके बाजूला काढायला मदत कर."

मॅग्डलिन एका गोष्टीसाठी आली होती आणि दुसऱ्याच कामाला लागली. ती फ्रॉक उचलायची, शिवण बघायची, बाजूला ठेवायची. खैरुन्निसा बोलत राहिली. गेल्या खेपेला तीही नवऱ्याबरोबर गेली होती. पहाटे मुली डोक्यावर बादल्या घेऊन शाळेवरूनच जायच्या. मास्तर दारात उभा राहून त्यांना नावाने हाका मारायचा. मुली हसायच्या आणि पुढे जायच्या. एक मुलगी परत येताना खिडकीशी थांबायची, बादली डोक्यावर तशीच, आणि आतली मुलं पाढे म्हणायची ते ओठ हलवून म्हणायची. बादलीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडायचं.

मॅग्डलिनच्या हातातला फ्रॉक हातातच राहिला. होळी झाली की पाड्यावरच्या तिच्या वर्गात मुलींची बाजू रिकामी व्हायची. मुली नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणून बसलेल्या असायच्या. वाळूतून पाणी पाझरायचं, वाटीने भरायचं, हंडा होईपर्यंत ऊन डोक्यावर. ती पाट्या घेऊन तिथेच जायची. वाळूत बसून शिकवायची. हेडमास्तरांनी एक दिवस समज दिली, की शाळा शाळेच्या इमारतीत भरते, बाई. तरी ती जायची. मग लग्न ठरलं.

"खरं आहे, बीबी," ती म्हणाली. "पाणी लांब असलं की आधी मुलीच जातात."

"बघ, तुला कळलं. तय्यबला नाही कळत."

आता बोलायलाच हवं होतं. मॅग्डलिनने फ्रॉक घडी करून ठेवला. "बीबी, मशीन गेल्यावर पीटरचं काम जाईल. आमचा व्हिसा जाईल. ॲनेटचं वर्ष मोडेल."

खैरुन्निसाने ढिगाकडे बघितलं. "मळ्याचं काम मर्दांचं. मी काय बोलू? आणि तुझी मुलगी हुशार आहे. कुठेही शिकेल."

"तिकडच्या मुलीही हुशार असतील," मॅग्डलिन म्हणाली. तिचा आवाज बदलला, अभ्यास घेताना बदलायचा तसा. "तुम्ही कुठेही शिकाल, असं त्यांना नाही ना कोणी सांगत?"

खोलीत पंखा फिरत होता. खैरुन्निसाचा चेहरा लाल झाला. मॅग्डलिनने राहिलेले कपडे घडी केले, एक न चुकता. मग उठली आणि मागच्याच दाराने बाहेर पडली.

*

इंजिन उघडायला सप्टेंबर उजाडला. शेडवर पत्रा होता, त्याखाली दुपारी लोखंडाला हात लावता येत नसे. पीटर पहाटे सुरू करायचा आणि ऊन चढेपर्यंत काम करायचा. खाऱ्या हवेने नट गंजले होते. रात्रभर डिझेलमध्ये भिजवून, सकाळी पान्यावर पाइप चढवून, दोन्ही पाय जमिनीत रोवून तो एकेक नट सोडवायचा. खजुराच्या तीन खोडांची तिकाटी उभारून तिला चेनब्लॉक लावला आणि हेड उचललं. फ्लायव्हील काढताना पाचर निसटली आणि डाव्या हाताचं मधलं बोट चाकाखाली आलं. नख काळं झालं आणि आठवड्याने गळून पडलं. त्याने बोटाला चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं, फक्त आता छिन्नी नीट धरता येईना.

सुटे भाग त्याने ताडपत्रीवर मांडले. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, नोझल, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा. प्रत्येक भाग डिझेलने धुतला, फडक्याने पुसला. लायनरवर ओरखडे होते, रिंगा झिजल्या होत्या, पंपाचं चाक खाऱ्या पाण्याने कुरतडलेलं होतं. पण इंजिनचा कणा, क्रँक, धडधाकट होता. लायनर, रिंगा आणि पंपाचं चाक नवं घातलं की हे इंजिन त्याच्याएवढं तरी जगणार होतं.

हे त्याला कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तय्यब आला. एकटा. गाडी फाटकाबाहेर लावून चालत आला. पांढऱ्या पायघोळ डिशदाशाला तेल लागू नये म्हणून शेडच्या दारातच थांबला. आज तो हिंदीत बोलला, आणि नीट बोलला.

"पीटर, माझा बाप म्हातारा झाला. जे होतं ते सगळं तिकडे देत बसला. भिंती, पत्रे, कपडे. आता मशीन. मग मशीन बसवायला माणूस, मग डिझेल, मग पाइप. हे संपणार नाही. इथे माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन थांबलं आहे. ते तो विसरतो."

पीटर फडक्याने हात पुसत राहिला.

"तू सांग, मशीन खलास. भंगार. तो तुझं ऐकेल, माझं नाही ऐकणार. अझैबाला माझ्या मित्राची कंपनी आहे, इमारतींच्या पंपांचं काम. मळ्याचे कागद मीच बघतो; मी रिलीज देतो, नोकरी बदलायची परवानगी. फॅमिली व्हिसा मिळेल. मुलगी मस्कतच्या शाळेत जाईल. याहून चांगल्या."

"अर्बाबला वाईट वाटेल."

"महिनाभर वाटेल," तय्यब म्हणाला. "मग घरी बसेल. आराम करेल." तो परत जायला वळला आणि थांबला. "मी वाईट माणूस नाही, पीटर."

"मी म्हटलं नाही तसं."

संध्याकाळी पीटरने बायकोला सांगितलं. मॅग्डलिनने दिवा लावला, येशूच्या तसबिरीपुढची मेणबत्ती लावली, भात उतरवला.

"मस्कतची शाळा," ती म्हणाली.

"हो."

"एक वाक्य बोलायचं आहे फक्त."

"हो."

"मग बोल ना."

"मशीन चांगलं आहे, मॅगी."

"ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला माहीत आहे?" ती हे म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला विचारू नको. मी आई आहे, मी तिचंच बघणार. तुझं तू ठरव."

*

अर्बाब मजीद शुक्रवारच्या नमाजानंतर शेडमध्ये आला. उलट्या डब्यावर बसला. काठी गुडघ्यांमध्ये धरली. ताडपत्रीवर मांडलेले भाग बघत राहिला.

पीटरने वाक्य ठरवलं होतं. अर्बाब, मशीन खलास, क्रँक गेला. सकाळपासून मनात घोळवत होता. आता तो समोर उभा राहिला आणि त्याची नजर ताडपत्रीवर गेली. तो महिनाभर ते पुसत होता. प्रत्येक भाग चकचकत होता, जिथला तिथे होता. एवढं पुसून मांडलेलं इंजिन भंगार आहे, असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. मकुंगुनी वगैरे त्या क्षणी त्याच्या मनात नव्हतंच. होतं ते फक्त हे, की आपण केलेलं काम समोर आहे आणि आपण त्याला नाही म्हणायचं आहे.

"काय निघालं?" मजीदने विचारलं.

"चांगलं आहे," पीटर म्हणाला. "तीन भाग नवे लागतील. मग पुष्कळ वर्षं चालेल."

मजीदने डोळे मिटले, ओठ हलवले. मग काठीवर जोर देऊन उठला आणि पीटरच्या खांद्यावर हात ठेवला. चिंधी गुंडाळलेलं बोट बघून म्हणाला, "दवाखान्यात जा." आणि गेला.

घरी मॅग्डलिन पोळ्या लाटत होती.

"सांगितलं," पीटर म्हणाला.

"काय?"

"चांगलं आहे म्हणून."

लाटणं थांबलं, पुन्हा फिरलं. पोळी फाटली. तिने तो गोळा पुन्हा मळला आणि पुन्हा लाटली. "जेवायला बस," ती म्हणाली.

आतून ॲनेट दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं, आजचं आणि मस्कतच्या शाळेचंही. "डॅडी, यू कुड हॅव जस्ट सेड इट्स ब्रोकन," ती म्हणाली. ती ओरडली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती बापाशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, चपला शोधून द्यायची. बोलायची नाही.

*

पुढच्या आठवड्यात तय्यबने निरोप पाठवला. वर्षअखेर मळा बंद. गड्यांची आणि पीटरची कागदपत्रं रद्द होतील. गडी एकेक करून जाऊ लागले. पाट कोरडे पडले. लिंबाच्या झाडांखाली पिवळ्या पानांचा सडा पडला, तो कोणी झाडला नाही. इंजिन पुन्हा जोडून, फळ्यांच्या पेटीत घालून, पेटीवर इंग्रजीत आणि अरबीत मकुंगुनीचं नाव लिहून पीटरने ते ट्रकवर चढवलं. शेड रिकामी झाली. जमिनीवर तेलाचा काळा चौकोन राहिला. पहाटे उठायची सवय जाईना, म्हणून तो उठून त्या शेडमध्ये जाऊन उभा राहायचा.

मॅग्डलिनने बॅगा बाहेर काढल्या. वसईला भावाला फोन केला. शाळांची चौकशी कर म्हणाली. भाऊ म्हणाला, वर्षाच्या मध्यावर कोण घेणार?

डिसेंबरात एका सकाळी दारात सावली पडली. खैरुन्निसा उभी होती. चालत आली होती, एकटी, अबाया गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला. इतक्या वर्षांत ती त्यांच्या खोल्यांत कधी आली नव्हती. मॅग्डलिनने घाईने प्लास्टिकची खुर्ची पुसली. ती बसली. चहा नको म्हणाली.

"तुझ्या मुलीची परीक्षा कधी?"

"मार्चमध्ये, बीबी."

"तुमचा व्हिसा मार्चपर्यंत राहील. खोल्याही. मी तय्यबशी बोलले. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही तो, पण ऐकलं." तिने श्वास घेतला. तिच्या उजव्या डोळ्यात पांढरं पडलं होतं, ते उजेडात स्पष्ट दिसत होतं. "पुढचं माझ्या हातात नाही. मळा जाणारच."

मॅग्डलिनने त्या डोळ्याकडे बघितलं. "तुमचं ऑपरेशन, बीबी..."

"होईल. इन्शाल्ला." ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "त्या दिवशी तू माझ्याशी फार कडक बोललीस."

"हो, बीबी."

"मास्तरीण आहेस," खैरुन्निसा म्हणाली आणि ऊन चढायच्या आत निघून गेली.

*

फेब्रुवारीत पीटर इंजिन बसवायला पेंबाला गेला. अर्बाब बरोबर होता. त्याआधी एकनाथच्या ओळखीने पीटरने अझैबाला एका रोपवाटिकेत काम बघून ठेवलं. तय्यबने रिलीज द्यायला खळखळ केली, पण दिली. तिथे फॅमिली व्हिसा नव्हता. सहा जणांत एक खोली होती. मॅग्डलिन आणि ॲनेट परीक्षेनंतर वसईला जाणार, तो इथे राहणार, असं ठरलं. ठरवताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.

तो परतला तेव्हा ॲनेटची परीक्षा चालू झाली होती. काळवंडलेला, वाळलेला आणि दाढी वाढलेला असा तो संध्याकाळी दारात आला. मॅग्डलिनने पाणी तापवून दिलं. मग त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली. ॲनेट पलीकडे सायन्सचं पुस्तक घेऊन बसली होती.

"चाललं?" मॅग्डलिनने विचारलं.

"पहिल्या दिवशी नाही चाललं. डिझेल खराब होतं. दुसऱ्या दिवशी चाललं. सगळं गाव आलं. बायकांनी बादल्या, पातेली, डबे, जे मिळेल ते आणलं. शाळेच्या अंगणात चिखल झाला. मास्तर वैतागला. त्याचे बूट रुतले."

"आणि मुली?"

"मुलीच होत्या रांगेत. झऱ्यावरची रांग शाळेत आली, एवढंच."

मॅग्डलिन हसली नाही. "म्हणजे आत कोणीच बसलं नाही?"

"ऐक ना. मग मी पाइप बाहेर काढला, रस्त्यापर्यंत. तिथे टाकी केली, नळ लावले. रांग संपायला लागली. मग काही आत बसल्या."

"काही म्हणजे?"

"काही. सगळ्या नाही. काही जणींना आईने घरी ठेवलं, आता पाणी आणायला जायचं नाही तर लवंगा वेचायला चल म्हणून." तो भात कालवत राहिला. "एक मुलगी आत बसली होती. तिची आई दाराशी आली. हात धरून ओढायला लागली. मास्तर दारात उभा राहिला. किडकिडीत माणूस, मॅगी, वारा आला तर पडेल. ती बाई मोठ्याने बोलत होती, तोही बोलत होता."

"काय म्हणाला?"

"मला कुठे भाषा येते? पण तो दारातून हलला नाही. अर्बाब मधे पडायला गेला, तर मास्तरने त्यालाही हाताने बाजूला केलं. अर्बाबला! ज्याने भिंती बांधून दिल्या त्याला."

"मग?"

"मग ती बाई गेली. बडबडत गेली. मुलगी बसली."

मॅग्डलिनने त्याच्या ताटात मासळीचा तुकडा वाढला.

"केवढी होती?"

प्रश्न पलीकडून आला होता. ॲनेटने पुस्तकातून मान वर केली नव्हती. पीटरचा घास हातातच राहिला. सप्टेंबरनंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती, आणि मराठीत.

"तुझ्याएवढी," तो म्हणाला. "जरा उंच असेल. पण वाचता येत नाही ना, म्हणून पहिलीच्या पोरांत बसवली होती. बाक एवढंसं. पाय मावेनात तिचे, मग ती आडवी बसली."

"ते हसले तिला? छोटे?"

"हसले."

"मग तिने... व्हॉट डिड शी... तिने काय केलं?"

"पाटी घेतली. माझं लक्ष नव्हतं नंतर, पाइप गळत होता."

ॲनेट पुस्तकाकडे बघत राहिली. ती वाचत नव्हती. वसईच्या शाळेने मामाला सांगितलं होतं, मुलीला घेऊ, पण मराठी लिहिता-वाचता आलं पाहिजे, नाहीतर खालच्या वर्गात बसावं लागेल. हे कळल्यापासून ती वसईचं नाव निघालं की खोलीतून उठून जात होती.

"मम्मी," ती म्हणाली, "मला मराठी वाचायला शिकव."

मॅग्डलिनचे हात उष्टे होते. ते तिने मांडीवरच पुसले, जे ती कधी करत नसे. घरात मराठी काय आहे ते तिला आठवेना. प्रार्थनेचं पुस्तक होतं, तेवढंच.

"उद्या सायन्सचा पेपर आहे ना?"

"हो."

"मग आधी सायन्स," मॅग्डलिन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. पीटर जेवता जेवता ताठ बसला. "पेपर झाल्यावर, दुपारी, जेवण करून माझ्यापुढे बसायचं. अ पासून."

"अ येतो मला."

"मग आ पासून," मॅग्डलिन म्हणाली, आणि ताटं उचलायला उठली.